मतदार क्रमांक सहाशे बारा

सुहासिनी सबनीसला नावानं हाक मारणारं माणूस खिदिरपुरात एकच होतं, आणि ते सेहेचाळीसच्या ऑगस्टात घरातून बाहेर पडलं ते परत आलंच नाही.

बाकीच्यांसाठी ती कुणी ना कुणी होती. गोदीकामगारांच्या मुलींच्या शाळेत ती दिदीमणी. शिकवणाऱ्या बाईंना बंगालीत असंच म्हणतात. आमच्या वीस-पंचवीस मराठी घरांत ती सबनिसांची सून. आणि घरात, धाकट्या दिरासाठी, गजाननसाठी, वहिनी. लग्न होऊन ती कलकत्त्याला आली तेव्हा गजानन बारा वर्षांचा होता. पाढे तिनंच घेतले, गोवरात उशाशी तीच बसली. तिच्या तोंडी तो गजू होता, सत्तावीस वर्षांचा झाला तरी.

सुहासिनी हे नाव मनोहरनं दिलेलं. नागपूरला लग्नात, ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं. तो गेल्यावर शेजारच्या कालिंदीमावशींनी चारचौघींत तिला सुचवून पाहिलं होतं. "अगं, कानाला बरं नाही वाटत आता. सुहासिनी काय, सुवासिनी काय, उच्चारताना फरक तो किती. माहेरचं नाव लाव की परत. कमल ना तू?"

"मावशी," सुहासिनी म्हणाली, "ते गेले की नाही, हे अजून कुणी मला लिहून दिलेलं नाही. नाव तेवढं आधी कशाला घालवू?"

ती भांडत नव्हती, खरंच तसं होतं. मनोहर गोदीत मालाची मोजदाद ठेवणारा कारकून. ते चार दिवस शहर दंगलीत पेटलेलं होतं. पाचव्या दिवशी रस्ते जरा उघडले तेव्हा बावीस वर्षांचा गजानन चालत चालत एका रुग्णालयापर्यंत पोचला. व्हरांड्यात टेबल, टेबलामागं कारकून, टेबलापुढं शंभर माणसं. गजाननची पाळी आली.

"नाव?"

"दादा."

"अरे बाबा, इथं प्रत्येकजण कुणाचा तरी दादाच आहे. नाव सांग."

"दादा. माझा दादा."

त्याला नाव आठवेना. जन्मात त्यानं भावाला नावानं हाक मारली नव्हती, आणि आत काय पाहावं लागणार या भीतीनं जिभेवर दुसरं काही येईना. कारकुनानं त्याला बाजूला उभं केलं. तासाभरानं नाव आठवलं तेव्हा आतली खोली रिकामी करून गाड्या निघून गेल्या होत्या.

आठ महिन्यांनी सुहासिनीला तिथल्या एका वहीत एक ओळ दिसली, तीही चोरून, एका नर्सच्या दयेनं. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस, पितळी बटणांचा कोट, पत्र्याची तपकिरीची डबी, डबीवर मोर, मोराच्या मानेवर ओरखडा.' मोर तिनं ओळखला. तो ओरखडा खिळ्याचा होता, गजाननच्या लहानपणच्या खोडीचा.

ही ओळ तिनं गजाननला कधी सांगितली नाही. माझ्या वडिलांना, श्यामरावांना, तेवढी सांगितली. ते सबनिसांच्या वरच्या मजल्यावर राहणारे, पोर्टातून निवृत्त झालेले, आणि मनोहरच्या बापाचे, भालचंद्ररावांचे दोस्त. म्हणून मला ठाऊक.

गजाननला न सांगण्याचं कारण उघड होतं. त्या दिवसापासून तो टेबलासमोर उभा राहू शकत नसे. पोस्टात, रेशनच्या दुकानात, शाळेच्या कचेरीत, कुठंही टेबलामागचा माणूस मान वर करून "नाव?" म्हणाला की हा घामानं भिजून परत फिरे. पुस्तकं बांधायचं काम तो घरी करायचा. सुया, खळ, दोरा, समोर माणूस नाही.

सुहासिनी मात्र टेबलांपुढं जात राहिली. त्या वहीतली ओळ तिला सरकारी कागदावर हवी होती. अनोळखी म्हणून नेलेल्या सगळ्यांच्या वस्तूंची यादी बाहेर लावा, आपापलं माणूस ज्यानं त्यानं ओळखावं, एवढंच तिचं मागणं. पहिल्या कचेरीनं दुसरीकडे धाडलं, दुसरीनं तिसरीकडे. मधे देश स्वतंत्र झाला, टेबलांमागची माणसं बदलली, उत्तर तेच राहिलं. शेवटी पन्नास साली एक म्हातारा हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाला, "दिदीमणी, अशा याद्या बाहेर काढायच्या तर विधानसभेत प्रश्न यावा लागतो. तुम्ही विचारणार आहात का विधानसभेत?" आणि हसला. वाईट माणूस नव्हता. तिनं आता घरी जावं, इतकंच त्याला म्हणायचं होतं.

ती घरी आली, चपला न काढता आमच्या दारात उभी राहिली.

"काका, विधानसभेत प्रश्न कोण विचारतं?"

"आमदार," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले.

"आमदार कसं होतात?"

"निवडून यावं लागतं. पुढच्या साली निवडणुका आहेत म्हणे. का गं?"

"मग मला उभं राहायला हवं."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "भाजी आणायला हवी असं म्हणतात ना, तसं म्हणालीस तू हे."

*

उमेदवार व्हायच्या आधी तिला मतदार तयार करावे लागले. याद्या करायला माणसं वस्तीत फिरून गेली होती, आणि बायकांनी आपली नावं सांगितलीच नव्हती. अमक्याची आई, तमक्याची बायको. असल्या नोंदी यादीतून काढून टाकणार, असा हुकूम आल्याचं तिनं ऐकलं आणि शाळा सुटल्यावर घरोघर फिरायला लागली. मी सोबत असे. गोदीमागच्या चाळीत एक बिहारी बाई पापड वाळत घालत होती.

"नाव काय तुझं?"

"बुधनी की माई."

"बुधनी जन्मायच्या आधी काय म्हणायचे?"

"बहू म्हणायचे."

"आणि बहू व्हायच्या आधी?"

बाईनं पापड उलटला, परत उलटला. मग पदराआडून म्हणाली, "फुलमती."

"मोठ्यानं."

"लाज वाटते, दिदीमणी."

"माझ्यासाठी नको सांगूस. तो मागच्या भिंतीला टेकून बसलाय ना तुझा सासरा, त्याला ऐकू जाईल असं सांग."

"फुलमती," ती ओरडली, आणि इतकी हसली की पापड पायाखाली आले. सासरा उठून निघून गेला.

अशा दोनशे सतरा बायका झाल्या. प्रत्येकीचं नाव सुहासिनीनं स्वतः अर्जावर लिहिलं, आणि कच्ची यादी आली तेव्हा एकेक ओळ बोटानं तपासली. यादी बंगालीत होती, तिला बंगाली वाचता येई. शेजारी गजानन पानं धरून बसे. आपल्या घराचं पान आलं की ती ते तसंच उलटी.

"बघ तरी," तो म्हणे.

"काय बघायचं? तू दिलंयस ना. बरोबरच असणार."

गजाननचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होई.

कारण असं झालं होतं. यादी करणारा कारकून त्यांच्या घरी आला तेव्हा ती शाळेत होती. घरी गजानन एकटा. ती परतली तर तो दारातच उभा.

"वहिनी, कारकून आला होता. वही घेऊन."

तिनं पिशवी खाली ठेवली. "मग?"

"मी दार लावून नाही घेतलं. त्यानं विचारलं, नाव? मी दिलं. माझं दिलं, दादाचं दिलं, तुझं दिलं. दादाचं तर बाबांच्या नावासकट दिलं. त्यानं सगळं लिहून घेतलं, वहिनी."

त्या संध्याकाळी सबनिसांकडे शिरा झाला. आमच्याकडेही वाटी आली. आता ते पान तपासायचं म्हणजे गजाननच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर बोट ठेवायचं. तिनं नाही ठेवलं. खिदिरपुरातल्या प्रत्येक बाईचं नाव तिनं तपासलं, आपलं सोडून.

*

प्रचार असा तिचा नव्हताच. तिच्या पिशवीत एक चिठ्ठी असे, तिच्यावर तो प्रश्न लिहिलेला. कोपऱ्यावरच्या सभेत ती तोच वाचून दाखवी आणि खाली उतरे. एकदा मोठ्या पक्षाच्या एका पुढाऱ्यानं तिला ट्रामच्या थांब्यावर गाठलं.

"तुमच्याकडे एकच प्रश्न आहे, असं ऐकतो."

"हो."

"समजा, निवडून आलात. पहिल्या दिवशी तो विचारलात. मग पाच वर्षं काय करणार?"

"उत्तराची वाट बघेन," ती म्हणाली. "सवय आहे मला."

तो पुढारी पुढं कधी तिची चेष्टा करताना दिसला नाही.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून बाबांची सही, अनुमोदक म्हणून माझी. उमेदवाराचा मतदार क्रमांक घालायचा होता. तिच्या शाळेत परीक्षा चाललेल्या, म्हणून पक्क्या यादीतून तो उतरवून आणायचं काम बाबांकडे आलं. बाबा बंगाली बोलायला लागले की कोळीणसुद्धा भाव उतरवी, पण अक्षर वाचता येत नसे. आकडे तेवढे येत, ट्रामवरून शिकलेले. त्यांनी घरक्रमांक पाहिला, त्यापुढं दोन मतदार. एक पुरुष, एक बाई. वयाच्या आकड्यावरून बाई ओळखली आणि तिच्यापुढचा आकडा उतरवला. सहाशे बारा.

अर्जावर तिनं नाव लिहिलं ते मी पाहत होते. सुहासिनी मनोहर सबनीस. सावकाश लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली नाही, नुसती बघत बसली. म्हणाली, "पाच वर्षांत पहिल्यांदा लिहिलं गं. शाळेत नुसतं सबनीस पुरतं."

*

छाननीच्या दिवशी आम्ही तिघं अकराला कचेरीत पोचलो. गजाननला घरीच ठेवलं होतं, तिथं टेबलं होती म्हणून. साडेबाराला पुकारा झाला. अधिकारी मध्यमवयीन, आवाज मऊ.

"शुहाशिनी शबनीश?"

"मी."

"क्रमांक सहाशे बारा." त्यानं यादीत बोट फिरवलं, थांबला, अर्ज पाहिला, पुन्हा यादी पाहिली. "इथं तर बाहिनी देवी आहे."

"काय आहे?"

"बाहिनी देवी. पती मनोहर भालचंद्र सबनीस. घर तेच, वय तेच. पण नाव बाहिनी देवी. शुहाशिनी नावाची मतदार या यादीत नाही. या बाहिनी देवी कोण?"

बाबांना क्षणभर काही कळलं नाही. मला कळलं, कारण मी सुहासिनीकडे बघत होते, आणि तिचं तोंड पांढरं पडत गेलेलं मी पाहिलं. बंगाल्याच्या तोंडी व चा ब होतो. गजाननला विचारलं असेल, घरातल्या बाईचं नाव? त्यानं सांगितलं असेल. वहिनी.

मागच्या बाकावर दुसऱ्या एका उमेदवाराचा माणूस बसला होता. तो म्हणाला, "बाहिनी म्हणजे आमच्यात फौज हो. बाई एकट्याच आल्यात, फौज कुठाय?" खोली हसली.

"साहेब, ते नाव नव्हे," बाबा उठले. "वहिनी म्हणजे भावाची बायको. बौदी, बौदी. दिरानं सांगितलं ते तुमच्या माणसानं—"

"असेल," अधिकारी म्हणाला. "मला पटतंय. पण माझ्या पटण्यावर अर्ज चालत नाही. समोरच्यांनी हरकत घेतली आहे. नावं कुणी दिली होती?"

"हिच्या दिरानं."

"त्यांना घेऊन या. माझ्यासमोर शपथेवर सांगू दे, की नाव देताना चूक माझी झाली, ही बाई तीच. मी अर्ज ग्राह्य धरतो. तीन वाजेपर्यंत बसलोय मी."

बाबा छत्री घेऊन जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा. सुहासिनीनं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"काका, थांबा."

"थांबू कशाला? आता ट्राम मिळाली तर दोनच्या आत आणतो गजाननला."

"आणू नका."

"म्हणजे?"

"टेबल आहे आत. टेबलामागं माणूस आहे. तो विचारणार, नाव? आणि मग त्यानं म्हणायचं, चूक माझी झाली." ती थांबली. "पाच वर्षं झोपेत तो हेच म्हणतोय, काका. भिंतीपलीकडून ऐकते मी."

"अगं, समजावून सांगू. हळू सांगू."

"काय सांगणार? त्या दिवशी दादाचं नाव नाही आठवलं तुला, आता वहिनीचंही नाही आठवलं, असं?"

बाबा कठड्याला टेकले. खाली कुणीतरी शहाळी सोलत होतं, कोयत्याचे आवाज येत होते.

"मी सांगतो, मी दिली नावं," बाबा म्हणाले. "मी घेतो शपथ. माझं काय जातंय या वयात."

"खोटी?"

"एवढीशी."

"तुम्ही खोटी शपथ घेणार, आणि त्या शपथेवर मी आत जाऊन सरकारला खरं विचारणार?"

बाबांनी छत्री कठड्याला अडकवली.

"आणि मनोहरचा प्रश्न?" ते हळूच म्हणाले. तिच्यासमोर ते नाव सहसा कुणी घेत नसे. "तो मोर? ती ओळ?"

पिशवीतली चिठ्ठी तिनं काढली, पाहिली, परत ठेवली.

"ज्यांची ओळ आहे, ते असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि ऐकलंत ना, त्यांचं नाव गजूनं कसं दिलंय? बापाच्या नावासकट. एक अक्षर चुकलं नाही. सगळं बळ त्याचं तिथंच खर्च झालं असेल. मग माझी पाळी आली, तेव्हा जे तोंडात होतं ते दिलं."

आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. तिथून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. पावणेतीनला अधिकारी स्वतः दारात आला. "कुणी येतंय?" त्यानं विचारलं. सुहासिनीनं मान हलवली. तो आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिला, काही सुचवता येतं का ते बघत असल्यासारखा. मग आत गेला. तीन वाजून पाच मिनिटांनी अर्ज नामंजूर झाला.

ट्राममधे बाबा म्हणाले, "तो विचारेल तेव्हा त्याला काय सांगशील?"

"तेच विचार करतेय."

"माझी सही चुकली म्हणून सांग. इंग्रजीत करायची ती मी मोडीत केली. म्हाताऱ्या माणसाला शोभेल असं आहे ते."

"काका, तो तुम्हाला सोडायचा नाही."

"न सोडू दे."

नाहीच सोडलं. महिनाभर जिन्यात भेटले की गजानन सुरू होई. "काका, एक सही. एक सही धड करता आली नाही तुम्हाला? माझी वहिनी आमदार झाली असती." बाबा मान खाली घालून ऐकत. "चुकलंच रे बाबा," म्हणत. वर आले की माझ्याकडे न बघता हातपाय धुवायला जात.

*

मतदान जानेवारीत झालं. थंडी होती, बायकांनी शाली पांघरलेल्या. केंद्र सुहासिनीच्याच शाळेत, दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. फुलमती रांगेतून बाहेर वाकून विचारत होती, "दिदीमणी, तुमची पेटी कुठली? चित्र काय तुमचं?"

"माझी पेटी नाही, फुलमती."

"मग कुणाला टाकू?"

"तुझं नाव पुकारतील. ते नीट ऐक. मग तुला वाटेल त्या पेटीत टाक."

गजाननला ती हाताला धरून घेऊन आली होती. आत टेबल आहे, हे तिनं त्याला आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी, पण दोन्ही एकाच टेबलाशी पोचत. त्याच्या कपाळावर घाम होता, तरी तो उभा राहिला. टेबलामागच्या तरुणानं यादी पाहून पुकारलं, "सहाशे अकरा. गजानन भालचंद्र सबनीस." गजानन म्हणाला, "हो." बोटाला शाई लागली. तो बाजूला झाला आणि वहिनीसाठी थांबला.

"सहाशे बारा," तरुण म्हणाला. मान वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुमचं नाव?"

तिच्या मागं रांगेत त्या बायका होत्या. फुलमती होती. प्रत्येकीला तिनं सांगितलं होतं, दुसरं काहीही पुकारलं तर हो म्हणू नका, आपलं नाव आपण सांगा, मोठ्यानं सांगा. मी दोन माणसं मागं होते. ती काही बोलेना. तरुणाला वाटलं असावं, ही पण लाजणाऱ्यांतली. त्यानं मदत म्हणून स्वतःच वाचलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"बाहिनी देवी. पती मनोहर भालचंद्र सबनीस. तुम्हीच ना?"

सुहासिनीनं गजाननकडे पाहिलं. तो शाईचं बोट जपून वर धरून उभा होता, आणि ऐकत होता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

बाहेर आल्यावर शाळेच्या पायरीवर तो तिच्या बाजूला बसला. दोघांची बोटं काळी. मी चपला घालत होते.

"वहिनी, मोठ्यानं वाचलं ना त्यानं? दादाचं नाव?"

"वाचलं की."

"पूर्ण?"

"बाबांच्या नावासकट."

"तुझंही बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "मी दिलं होतं तसंच."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "चल, शिरा करायचाय."